भूकंपग्रस्तांची यादी आणि आपण

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत किल्लारी भूकंपाच्या स्मृतिदिनी दिलेले भाषण. बोललो तसेच, थोड्याफार दुरुस्त्या करून येथे देत आहे.)



मी काही विद्वान माणूस नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि गिरणी लागली. जे काही वाचलं ते याच विहाराच्या वाचनालयात, रातपाळी करून आल्यावर, डोळ्यांवर पाणी मारून वाचलं. त्यामुळे बोलण्यात काही चुकलंमाकलं तर पदरात घ्या.

व्याख्यानमालेच्या मंडळींनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, माझी तारीख ३० सप्टेंबरची आहे, मी किल्लारीवर बोलतो. तर आपल्यातलाच एक पोरगा म्हणाला, "काका, ते आता जुनं झालं." त्याचा काही दोष नाही. तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. पण जुनं झालं म्हणजे संपलं असं होत नाही. संकट येतं आणि जातं. संकटानंतर जी यादी तयार होते ती मात्र पुढच्या दोन पिढ्यांना पुरते. आज मला भूकंपापेक्षा त्या यादीबद्दल जास्त बोलायचं आहे.

१९९३ साल. मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. इथे सोलापुरातल्या एका कापड गिरणीत बदली कामगार होतो. बदली म्हणजे काय हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. दारात जाऊन उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तर आपल्याला काम, आला तर घरी परत. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपतीच्या मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या होत्या, त्यामुळे बरेच कायम कामगार आले नाहीत आणि मला रातपाळी मिळाली.

साचेखात्यात जमीन रोजच थरथरत असते. म्हणून पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी जे झालं ते आम्हाला लगेच कळलंच नाही. मग वरच्या ट्यूबलाइटी झोके घ्यायला लागल्या. जॉबर ओरडला, "बाहेर पळा!" आम्ही पटांगणात येऊन धुराड्याकडे बघत उभे राहिलो. धुराडं काही पडलं नाही. थोड्या वेळाने एकमेकांची चेष्टा करत, हसत हसत परत आत गेलो. आम्ही हसत होतो त्याच वेळी शंभरएक किलोमीटरवर तेरणा नदीच्या काठची गावंच्या गावं जमीनदोस्त झालेली होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, लिंबाळा. ही नावं त्याआधी आपल्यापैकी किती जणांनी ऐकली होती? लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. जखमींचा आकडा त्याच्या दुप्पट होता.

एवढी माणसं का मेली, हे समजून घेतलं पाहिजे. तो भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होता, ६.२ तीव्रतेचा. पण एक तर पहाटेची वेळ, सगळे गाढ झोपेत. दुसरं म्हणजे घरं. तिकडे दगडाच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, आणि दगड बसवलेले मातीत. वर लाकडाचं माळवद आणि त्याच्यावर दीड-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात थंड आणि चोराला भिंत फोडता येत नाही, म्हणून ज्याची ऐपत मोठी त्याची भिंत जाड. जितक्या जास्त खणांचं घर, तितकी वर माती जास्त. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा म्हणून नोंदलेला होता. तो नकाशा पुढे २००२ साली बदलला. म्हणजे माणसं आधी गेली आणि नकाशा नंतर दुरुस्त झाला.

आणि गावाबाहेर आपली वस्ती. कुडाची, पाचटाची, पत्र्याची घरं. ती पडली तरी त्यांच्यात माणूस मारण्याइतकं वजन नव्हतं. शेकडो वर्षं ज्या गरिबीने आपल्याला रोज थोडं थोडं मारलं, तिनेच त्या एका पहाटे कित्येक जणांना वाचवलं. हे मी अभिमानाने सांगत नाही. पुढे जे घडलं ते समजावं म्हणून सांगतो.

दुसऱ्या दिवशी पेपर आला आणि आपल्या वस्तीत गलका झाला. घराघरातून पीठ गोळा केलं. महिला मंडळाच्या बायकांनी रात्रभर भाकऱ्या थापल्या. चटणी, कांदे, जुने कपडे, एका उपासकाने आणलेला ट्रक. वस्तीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते होते, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. ते पुढे बसले, आम्ही दहा-बारा पोरं मागे. नळदुर्ग सोडलं आणि पावसाने गाठलं. उमरग्याच्या पुढे रस्ता वाहनांनी भरलेला. निम्मे लोक मदतीला निघालेले आणि निम्मे नुसते बघायला. हो, बघायला! घरची मंडळी जीपमध्ये घालून लोक पडलेली गावं बघायला आले होते, आणि त्यांच्या गाड्यांमुळे रुग्णवाहिका अडकत होत्या.

रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडले होते, चिखलात भिजलेले. त्यात थंडीच्या देशातले कोट होते, लहान पोरींचे झालरीचे फ्रॉक होते, फाटक्या साड्या होत्या. आमचंही गाठोडं तसलंच होतं. कोणी ते घ्यायला तयार नव्हतं. काका म्हणाले, "आपण घरातली अडगळ काढली आणि तिला दान म्हणालो." हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

आत गावात जे बघितलं त्याचं वर्णन मी करणार नाही. समोर लहान मुलं बसली आहेत. एवढंच सांगतो, मिलिटरीचे जवान चिखलात उभे राहून माणसं काढत होते आणि एकेका चितेवर अनेकांना एकत्र अग्नी दिला जात होता. किसा गोतमीची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण, असं भगवंतांनी तिला सांगितलं. त्या गावात मोहरी मागायला घरच उरलेलं नव्हतं.

त्या पहिल्या फेरीत आम्ही काय मदत केली? खरं सांगतो, फारशी नाही. भाकऱ्या ओल्या झाल्या. माणसं रडत होती आणि आम्ही त्यांच्याजवळ नुसते उभे होतो. मोठ्या रस्त्यावरच्या गावांत तेव्हाच मदतीचा पूर आला होता. आडवळणाच्या गावांत दोन-तीन दिवस कोणी पोचलंही नव्हतं. परत येताना काका म्हणाले, "आता सगळे आलेत. दोन महिन्यांनी कोणी येणार नाही. तेव्हा आपण येऊ." आणि खरोखर आम्ही तसंच केलं. सुट्टीच्या दिवशी, जमेल तसं, दोन-अडीच वर्षं आम्ही एकाच गावाला जात राहिलो. त्या गावाचं नाव मी घेत नाही, कारण तिथल्या माणसांची नातवंडं आज तिथे नांदत आहेत.

गाव आता गावाच्या जागी नव्हतं. माळावर पत्र्याच्या शेडची रांगच्या रांग. वरून पत्रा, बाजूने पत्रा. दुपारी आत बसवत नाही, पावसात आवाजाने झोप येत नाही, थंडीत पत्रा बर्फासारखा. घरं बांधून होईपर्यंत लोकांनी तिथे वर्ष, दोन वर्षं आणि काहींनी त्याहूनही जास्त काळ काढला. पाण्याचा टँकर आला की पळापळ. बाई-माणसाला आडोशाला जायला जागा नाही. भूकंपाची बातमी पेपरातून गेली होती, पण हे सगळं रोज चालू होतं.

आता मी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच खरं तर मी आज उभा राहिलो आहे.

डिसेंबर महिना होता. आपल्या वस्तीतल्या मागावर काम करणाऱ्या कामगारांनी एकेक चादर दिली होती. सोलापुरी चादर, चांगली नवी. जुनं द्यायचं नाही हे आम्ही पहिल्या फेरीत शिकलो होतो. आपल्या लोकांच्या शेडमध्ये घरटी एक, असा हिशेब करून मी वहीत नावं लिहून घेतली होती. रांग लावली आणि नाव घेऊन चादर देत होतो. शेवटी एक म्हातारी उभी. पदर डोक्यावरून घेतलेला, नजर खाली. तिचं नाव माझ्या वहीत नव्हतं. मी विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या गल्लीतल्या?" तिने गावातल्या मोठ्या गल्लीचं नाव सांगितलं. मी म्हणालो, "आजी, ह्या आमच्या लोकांसाठी आणल्यात. तुमच्यासाठी दुसरे लोक येतात." ती काही बोलली नाही. वळून गेली.

बंधूंनो, मी काय विचारलं होतं? तू कुठल्या गल्लीतली. हाच प्रश्न आपल्या बापजाद्यांना पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, शाळेच्या दारात विचारला गेला. तो प्रश्न माझ्या तोंडून इतक्या सहज बाहेर पडला!

हे आपल्याच वस्तीतल्या एका आजीने ऐकलं होतं. तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "लेकरा, तिच्या घरची नऊ माणसं एका रातीत गेली. माझ्या घरचं एक बी न्हाई गेलं. माझं कुडाचं घर, ते कुणाला मारतंय?" मी गप्प. मग ती म्हणाली, "तिच्या रानात मी जलमभर खुरपायला गेले. पाणी मागितलं तर वरून ओतायची माझ्या वंजळीत. ते मी इसरले न्हाई. पर थंडी काय गल्ली बघून वाजती का?" आणि स्वतःला मिळालेली चादर घेऊन ती त्या म्हातारीच्या शेडकडे चालू लागली.

मी बाबासाहेबांची पुस्तकं वाचणारा, मोर्चात घोषणा देणारा. त्या आजीला अक्षर येत नव्हतं. पण धम्म काय असतो ते त्या दिवशी मला तिच्याकडून कळलं. कुणी म्हणेल, आपल्यावर एवढा अन्याय झाला, मग आपण आपल्या माणसांना आधी दिलं तर काय बिघडलं? काहीच बिघडलं नाही. जिथे कोणी पोचत नाही तिथे आधी जायचं, हे बरोबरच आहे, आणि आपल्या शेडकडे खरोखरच कमी लोक पोचत होते. पण कमी मिळालेल्यांकडे आधी जाणं वेगळं, आणि दारात आलेल्याला गल्ली विचारून परत पाठवणं वेगळं. हा फरक मला तेव्हा कळला नव्हता.

आता या गोष्टीचा दुसरा भाग ऐका.

ज्या आजीने चादर दिली, तिचं नाव घरांच्या यादीत नव्हतंच. का? तर तिची झोपडी गायरानात. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये तिची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे घर नाही. घर नव्हतं तर पडलं काय? आणि पंचनामा करायला माणूस आला तेव्हा झोपडी तिरकी होऊन उभीच होती. जाड भिंतीचं घर पडलं, त्याचा पंचनामा झाला. कुडाचं घर धड पडलंही नाही आणि राहण्याजोगंही राहिलं नाही, त्याला कुठल्या रकान्यात घालणार? शिवाय जे शेतकरी गेले त्यांच्या रानातली मजुरीही गेली. तिचा तर पंचनामाच नाही.

तिच्यासारखी बरीच कुटुंबं निघाली. काकांनी ठरवलं, आता पीठ नको, कपडे नकोत, आता फक्त कागद. कोऱ्या कागदांची चळत, कार्बन पेपर आणि शाईचा पॅड घेऊन आम्ही जायला लागलो. एकेकाला विचारायचं, रेशनकार्ड आहे का? मतदार यादीत नाव आहे का? पोराचा शाळेचा दाखला आहे का? त्यावर गावाचं नाव आहे ना? मग तू इथली रहिवासी आहेस हे सिद्ध होतं. अर्ज लिहायचा, अंगठा घ्यायचा, पोच घ्यायची. मी अर्ज लिहायला तिथे शिकलो. पहिला अर्ज काकांनी चार वेळा फाडला. म्हणायचे, "रडगाणं लिहू नकोस, तारीख लिही." काही अधिकारी चांगले भेटले, उन्हातान्हात फिरणारे. काहींनी आम्हाला दारातूनच परत लावलं. शेवटी काहींची नावं पुरवणी यादीत चढली, काहींची नाहीच चढली. आजीचं नाव चढलं.

सरकारने ५२ गावं पूर्णपणे नव्या जागेवर वसवली. जागतिक बँकेचं कर्ज घेतलं, देशभरातून संस्था आल्या, कुणी एक गाव दत्तक घेतलं, कुणी दोन. केरळच्या मल्याळ मनोरमा या वृत्तपत्राने बाणेगाव उभं केलं. कुठे कुठे घुमटाच्या आकाराची घरं बांधली, ज्यांत लोकांना कणगी कुठे ठेवावी आणि खुंटी कुठे ठोकावी तेच कळेना. रुंद सरळ रस्ते आखले. जुनं गाव मुठीएवढं होतं, नवं दहा पट पसरलं. हे सगळं ठीक. पण घर किती मोठं द्यायचं, याचं माप सरकारने कसं ठरवलं ते बघा.

ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टर म्हणजे अडीच एकरापर्यंत आहे, त्याला २५० चौरस फुटांचं घर. एक ते सात हेक्टर जमीन असलेल्याला ४०० चौरस फूट. आणि सात हेक्टरांच्या वर जमीन असेल त्याला ७५० चौरस फूट.

म्हणजे घर माणसं मोजून दिलं नाही. घर जमीन मोजून दिलं! त्यामागे विचार असा सांगत, की शेतकऱ्याला बैल बांधायला, धान्य ठेवायला जागा लागते. खोटं नाही ते. पण मजुराला काय लागत नाही? तिच्या शेळ्या, तिचं सरपण, तिची लग्नाला आलेली पोरगी, तिचा म्हातारा? आणि जमीन आपल्याकडे का नाही, हा प्रश्न कोणी विचारला का? आपल्या लोकांनी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तुरुंग भरले, तो काय हौसेखातर? ज्या जमिनीपासून पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला लांब ठेवलं, तीच जमीन भूकंपानंतर माप म्हणून पुढे आली. त्या कागदावर जातीचं नाव कुठेही नव्हतं. गरजही नव्हती. आम्ही जात होतो त्या गावात एका मापाची घरं एका ओळीत होती. माप बघितलं की ओळ कळायची आणि ओळ कळली की जात.

आता त्या दोघी म्हाताऱ्यांचं काय झालं? मोठ्या गल्लीतली आजी साडेसातशे फुटांच्या घरात एकटी. आपली आजी, तिचे दोन पोरगे, सून, नातवंडं धरून सात माणसं अडीचशे फुटांत. अडीचशे फूट म्हणजे आपल्या गिरणीच्या चाळीतली खोली डोळ्यापुढे आणा आणि तिची दुप्पट धरा. एकटीला घर खायला उठायचं. म्हणून ती म्हातारी काठी टेकत रोज आपल्या आजीच्या दारात येऊन बसायची. दोघी शेंगा फोडत बसलेल्या मी स्वतः बघितल्या आहेत. हे ऐकून कुणी म्हणेल, चला, भूकंपाने जात मिटवली. नाही बरं! ती येताना आपला पाण्याचा तांब्या घरून घेऊन यायची. भूकंपाने दगडी भिंती पाडल्या, तो तांब्या काही फुटला नाही.

पण मी नुसती नकारघंटा वाजवायला आलेलो नाही. चांगलं झालं ते सांगितलंच पाहिजे. पडझड झालेल्या दोन लाखांच्या आसपास घरांच्या दुरुस्तीचं काम निघालं, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना पुढे आणलं. त्यांना संवाद सहायक म्हणायचे. भिंतीत आरपार जाणारे दगड कसे बसवायचे, भिंतीवर सिमेंटचा पट्टा कशाला हवा, छतावरची माती का कमी करायची, अनुदानाचा हप्ता कधी येतो, हे घरोघर सांगणाऱ्या बायका. ज्या बाईने कधी तहसील बघितलं नव्हतं ती गवंड्याला जाब विचारायला लागली. शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपातली १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि नुसती नेली नाहीत, वर्षानुवर्षं सांभाळली. सास्तूरला स्पर्श रुग्णालय उभं राहिलं, त्याचा आसपासच्या खेड्यांना आधार झाला. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. हे लोक पहिल्या आठवड्यात फोटो काढून परत गेले नाहीत. राहिले.

आपल्या आजीनेही मरेपर्यंत ते अडीचशे फुटांचं घर शेणाने सारवलेल्या अंगणासकट लख्ख ठेवलं. ती म्हणायची, "ल्हान हाय, पर कागुद माझ्या नावाचा हाय." गायरानातल्या झोपडीला नंबर नव्हता. या घराला नंबर होता.

पुढे २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली. तामिळनाडूत नागपट्टिनमच्या बाजूला दलित कुटुंबांना छावण्यांतून वेगळं काढलं, मदतीच्या रांगेत मागे लोटलं, अशा तक्रारी देशभर गाजल्या. समुद्राने कुणाची जात विचारली नव्हती, छावणीने विचारली. त्यानंतर २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. तरुण मित्रांनो, हा कायदा वाचा. त्याच्या कलम १२ मध्ये आपद्‌ग्रस्तांना निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार, स्वच्छता हे किमान किती मिळालं पाहिजे ते ठरवून द्यायला सांगितलं आहे, विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद सांगितली आहे. आणि कलम ६१ म्हणतं, की भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम पाठ करा. पण किल्लारीच्या मापात जात लिहिलेली नव्हती, जमीन लिहिलेली होती, हेही विसरू नका. कायदा जात पकडेल. जमिनीच्या, सातबाऱ्याच्या, नमुना आठच्या आडून जी जात येते, ती आपल्यालाच पकडावी लागेल. त्यासाठी यादी वाचता आली पाहिजे.

म्हणून विहाराच्या या वर्धापनवर्षात माझ्या काही सूचना आहेत.

पहिली. विहारात एक रजिस्टर ठेवा. वस्तीतल्या प्रत्येक कुटुंबाची माणसं किती, कोण म्हातारं, कोण अपंग, कुणाचं रेशनकार्ड नाही, कुणाचा घराचा कागद नाही. संकट आल्यावर कागद मिळत नाही, तो आधी काढून ठेवायचा असतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना त्यात आधी घ्या, कारण त्यांचीच नावं आधी गळतात.

दुसरी. मदत न्यायची तर आधी एक माणूस पाठवा, काय लागतं ते विचारून येऊ द्या. आणि नवं द्या. घरातली अडगळ म्हणजे दान नव्हे.

तिसरी. पहिल्या आठवड्यात सगळेच जातात. आपण तिसऱ्या महिन्यात जा. एकच गाव धरा, पण धरून ठेवा. पिठाबरोबर कागद आणि पेन न्या.

चौथी. यादी जाहीर होते तेव्हा वरून खाली वाचू नका, खालून वर वाचा. त्याहून महत्त्वाचं, जे यादीत नाहीत त्यांना शोधा. विधवा, गायरानातले, भटके, बाहेरगावचे मजूर.

आणि पाचवी. दारात कुणी आलं तर गल्ली विचारू नका. ही चूक मी केली आहे, म्हणून सांगण्याचा मला अधिकार आहे.

शेवटी माझं स्वतःचं सांगतो आणि बसतो. त्यानंतर काही वर्षांनी माझी ती गिरणी बंद पडली. कामगारांची देणी द्यायची यादी लागली. मी ती वरून खाली वाचली, खालून वर वाचली. माझं नाव नव्हतं. बदली कामगार मस्टरवर कायम नसतो. इतकी वर्षं ज्या साच्यांवर उभा राहिलो, तिथे मी कधी नव्हतोच असं कागद म्हणत होता. त्या दिवशी दरवाजाबाहेर उभा असताना मला गायरानातली आजी आठवली. मग मी कोरा कागद घेतला, तारीख टाकली आणि अर्ज लिहायला बसलो. माझ्याबरोबर इतर बदलीवाल्यांचेही लिहिले. काहींचे पैसे मिळाले, बऱ्याच जणांचे नाही. मी आज दुसऱ्या एका सूतगिरणीत पाळी करतो, आणि रविवारी सकाळी याच विहारात लोकांचे अर्ज लिहून देतो. कुणाला लिहून घ्यायचा असेल तर या. रेशनकार्ड बरोबर आणा. आणि शेजारी कुठल्याही गल्लीतला असो, त्यालाही घेऊन या.

किल्लारीत गेलेल्या त्या सर्व जिवांना आपण दोन मिनिटं उभं राहून आदरांजली वाहू या.

नमो बुद्धाय! जय भीम!